घराचं पाणी बंद कुठून होतं?

रात्री दोन वाजून गेले होते. आवाजानं जाग आली तेव्हा आधी वाटलं, पाऊस लागला. मग लक्षात आलं की आवाज खिडकीकडून नाही, आतून येतोय. पॅसेजमध्ये पाय ठेवला तर पायाखाली गार पाणी. वॉशबेसिनखालच्या कपाटाचं दार आतून कुणीतरी ढकलावं तसं हलत होतं आणि फटीतून पाण्याचा फवारा समोरच्या भिंतीवर आपटत होता.

बेसिनच्या नळाला खालून जो लवचिक कनेक्शन पाइप येतो, त्याचा पितळी नट उभा चिरला होता. हे मला दुसऱ्या दिवशी कळलं. त्या क्षणी मला एवढंच दिसत होतं की पाणी थांबवायचंय आणि ते कुठून थांबतं हे मला माहीत नाही. त्या घरात राहायला येऊन आम्हाला सहा वर्षं झाली होती.

अर्थात अँगल कॉक माहीत होता. बेसिनखाली भिंतीतून बाहेर येणारा तो छोटा चकचकीत कॉक बंद केला की फक्त तेवढा एक नळ बंद होतो, बाकी घर चालू राहतं. मी गुडघ्यावर बसून हात आत घातला आणि त्याची चावी फिरवली. ती फिरली. फिरतच राहिली. एक फेरा, चार फेरे, दहा फेरे, आणि पाण्यावर तसूभर फरक नाही. आतला स्पिंडल झिजला होता, वरची मूठ नुसती गोल फिरत होती. सहा वर्षांत त्या कॉकला कुणी हातही लावला नव्हता, आणि ज्या दिवशी लावला त्या दिवशी तो निकामी निघाला.

आई एव्हाना उठली होती. तिनं टॉवेल आणला, मी तो फुटलेल्या जागेवर दाबून धरला, तर पाणी बाजूंनी दुप्पट लांब उडायला लागलं. बाथरूममध्ये भिंतीतला एक कॉक होता, तो फिरवला. अर्धाच फेरा घेतला आणि घट्ट बसला. पाणी चालूच. तेवढ्यात फोन वाजला. खालच्या काकूंचा. "अगं, आमच्या छतातून धार लागलीय, तुमच्याकडे काय झालंय?"

मी गच्चीची किल्ली आणि टॉर्च घेऊन पळाले.

गच्चीवरच्या टाकीखाली आठ व्हॉल्व्ह होते. एका ओळीत, एकाच मापाचे, सगळ्यांवर सारखाच गंज. एकावरही काही लिहिलेलं नाही. आईला फोन चालू ठेवायला सांगितलं आणि पहिला व्हॉल्व्ह फिरवायला घेतला. गोल चाकाचा जुना गेट व्हॉल्व्ह होता तो. पूर्ण बंद व्हायला सात-आठ फेरे लागतात. बंद झाला. "आई, थांबलं का?" "नाही." पुन्हा उघडला. दुसरा बंद केला. "थांबलं?" "नाही गं." उघडला. तिसरा, चौथा. असं करत आठही झाले आणि पाणी काही थांबलं नाही.

माझ्या डोळ्यांत पाणी आलं. खाली काकूंच्या घरात काय होत असेल तेच डोळ्यांसमोर येत होतं. शेवटी आठही व्हॉल्व्ह एकामागोमाग एक बंद करून टाकले आणि तिथंच टाकीच्या ओट्यावर बसले. थोड्या वेळानं आई फोनवर म्हणाली, "कमी होतंय. धार बारीक झाली. थांबलं बघ."

बरोबर व्हॉल्व्ह मी आधीच एकदा बंद केला होता. चौथा. पण बंद केल्या केल्या विचारलं आणि "नाही" ऐकून लगेच उघडला. व्हॉल्व्ह बंद झाला तरी त्याच्या खालचा पाइप पाण्यानं भरलेलाच असतो. एक इंची पाइपात दर मीटरला साधारण अर्धा लिटर पाणी मावतं. आमच्या टाकीपासून पहिल्या मजल्यापर्यंत उतरणारा आणि मग घरभर फिरणारा पाइप धरला, तर सात-आठ लिटर पाणी नुसतं पाइपातच उभं असतं. ते सगळं फुटलेल्या तोंडातून बाहेर पडेपर्यंत धार चालूच दिसते. त्यासाठी अर्धा-पाऊण मिनिट थांबावं लागतं. हे मला कुणी आधी सांगितलं असतं तर काकूंच्या छताला तेवढा वेळ कमी धार लागली असती. म्हणून इतरांना आधी हेच सांगते: व्हॉल्व्ह बंद केल्यावर साठपर्यंत आकडे मोजा, मगच पुढचा ठरवा.

किती पाणी गेलं ते नंतर मोजलं. नवा कॉक बसवताना प्लंबरदादांनी पाइप मोकळा ठेवला होता, तेव्हा पंधरा लिटरची बादली खाली धरली. एक मिनिट आणि पाच सेकंदांत भरली. आमचं पाणी जवळजवळ पस्तीस मिनिटं वाहत होतं. म्हणजे ५०० लिटरच्या आसपास. एक लिटर पाण्याचं वजन एक किलो, तेव्हा अर्धा टन पाणी आम्ही पॅसेजमध्ये ओतलं होतं, आणि पॅसेजला पाणी जायला मोरी नाही. ते गेलं फरशीच्या सांध्यांतून, दारांच्या चौकटींत, आणि खाली.

आणखी एका गोष्टीचा विचार आला की अजून अंगावर काटा येतो. पॅसेजच्या कोपऱ्यात जमिनीवर विजेचा एक्स्टेन्शन बोर्ड पडलेला होता, चालू. पाणी त्याच्यापासून दोन हातांवर थांबलं. मी अनवाणी त्या पाण्यातून तीनदा ये-जा केली होती. घरात पाणी पसरायला लागलं की पाण्याच्या आधी वीज बघायची. मुख्य एमसीबी कोरड्या जागी उभं राहून बंद करता येत असेल तर तोच आधी पाडायचा. तिथवर पोचायला पाण्यातूनच जावं लागत असेल, तर त्या पाण्यात पाय घालायचा नाही, बाहेरून पुरवठा बंद करून घ्यायचा. आता आमच्या घरात जमिनीवर एकही बोर्ड नसतो.

सकाळी प्लंबरदादा आले. मी रात्रीचं सगळं सांगितलं. ते म्हणाले, "ताई, तुम्ही गच्चीवर पळालात ते ठीकच केलंत. पण जायच्या आधी बाथरूममधले सगळे नळ पूर्ण सोडायचे होते." मला आधी हे उलटंच वाटलं. पाणी थांबवायचं असताना नळ कशाला सोडायचे? पण त्यात साधा हिशेब आहे. पाइपातून येणारं पाणी जेवढं बाथरूममध्ये जाईल तेवढा फुटलेल्या जागेवरचा जोर कमी होतो, आणि बाथरूमच्या पाण्याला निदान मोरी असते. शिवाय व्हॉल्व्ह बंद झाल्यावर पाइप रिकामा व्हायलाही वेळ कमी लागतो.

चिरलेला नट त्यांनी माझ्या हातावर ठेवला. केसाएवढी रेघ, नटाच्या एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत. बसवताना पान्यानं गरजेपेक्षा जास्त आवळला गेला की पितळ ताणाखाली राहतं आणि वर्षानुवर्षांनी कधीतरी चिरतं. या पाइपांना आत रबरी वॉशर असतो, त्यामुळे नट हातानं घट्ट करून वर पान्याचा जेमतेम पाव फेरा पुरतो. आणि बाहेरून जाळी कितीही चकचकीत दिसली तरी आतली रबरी नळी म्हातारी होते. दर पाचेक वर्षांनी हे पाइप बदलावेत असं त्यांचं सांगणं होतं. मी त्याच दिवशी घरातले सगळे बदलून घेतले. फ्लश टँकचा, गीझरचे दोन्ही, किचन सिंकखालचा. गीझरच्या गरम बाजूच्या पाइपाचं रबर तर नखानं दाबलं की तुकडे पडत होते.

खालच्या काकूंकडे जाऊन आले. छताचा रंग फुगून आला होता, एका कपाटाची पाठ ओली. मी माफी मागितली, दुरुस्तीचं अंगावर घेतलं. त्या म्हणाल्या, "ते होईल गं. पण आमचं पाणी कुठून बंद होतं ते मलासुद्धा माहीत नाही."

त्या वाक्यानं मी कामाला लागले.

पुढचे दोन रविवार मी घराच्या पाण्याचा माग काढण्यात घालवले. पद्धत सोपी आहे पण चिकाटी लागते. एक व्हॉल्व्ह बंद करायचा, मिनिटभर थांबायचं, मग घरातला प्रत्येक नळ उघडून बघायचा आणि वहीत लिहायचं: कोणता बंद पडला, कोणता चालू राहिला. मग तो उघडायचा आणि पुढचा. शेजाऱ्यांना आधी सांगून ठेवायचं, कारण त्यांचंही पाणी मधे मधे जाणार असतं. आणि काम चालू असेपर्यंत गीझर बंद.

पहिल्याच रविवारी एक धक्का बसला. चौथा व्हॉल्व्ह बंद, बेसिन बंद, बाथरूम बंद, संडास बंद, आणि किचनचा एक नळ मात्र झुळझुळ चालू. तासभर शोधल्यावर उलगडा झाला. घरात पाण्याच्या दोन वाटा होत्या. एक गच्चीच्या टाकीतून खाली येणारी, दुसरी बाहेरच्या मुख्य नळावरून मीटरमधून थेट किचनपर्यंत आलेली. ज्यांच्या घरी अशा दोन लाइन आहेत त्यांचं पाणी एका जागी कधीच पूर्ण बंद होणार नाही. आमच्याकडे त्या रात्री किचनचा पाइप फुटला असता तर गच्चीवरचे आठही व्हॉल्व्ह बंद करून मी बसून राहिले असते आणि पाणी वाहतच राहिलं असतं.

थेट लाइनचा कॉक मीटरजवळ होता, जमिनीतल्या चौकोनी खड्ड्यात, लोखंडी झाकणाखाली. झाकण उचकटलं तर आत माती आणि पानं, मीटर दिसतही नव्हता. खुरप्यानं माती काढली. मीटरला लागून दोन कॉक निघाले, एक अलीकडे आणि एक पलीकडे. पुरवठ्याच्या बाजूचा पाणी पुरवणाऱ्या यंत्रणेचा असतो, त्याला आपण हात लावायचा नाही. मीटर ओलांडून घराकडे येताना जो लागतो तो आपला.

मीटर उघडा पडलाच होता म्हणून एक तपासणी करून घेतली. त्या लाइनवरचे सगळे नळ बंद केले आणि मीटरच्या काचेवरचं चांदणीसारखं बारीक चाक बघत बसले. पाणी कुठंच जात नसेल तर ते स्थिर राहायला हवं. ते हळूहळू, थांबत थांबत फिरत होतं. म्हणजे कुठंतरी गळत होतं. किचन सिंकखालचा, पाणी शुद्ध करणाऱ्या यंत्राकडे जाणारा जोड बोटानं चाचपला तर ओला. वर्षभर थेंब थेंब जात असणार, कपाटातली फळी त्यानंच फुगली होती आणि मी दमट हवेला दोष देत होते. तो जोड टेफ्लॉन टेप लावून घट्ट केला, तेव्हा चांदणी थांबली. पाच मिनिटं बघितली, हलली नाही. फार बरं वाटलं.

दुसरा रविवार गेला तो व्हॉल्व्ह खरंच बंद होतात की नाही ते बघण्यात. व्हॉल्व्ह कुठं आहे हे कळणं वेगळं आणि तो बंद होणं वेगळं. गेट व्हॉल्व्हमध्ये आत एक पितळी पाचर असते, चाक फिरवलं की ती खाली उतरते आणि वाट अडवते. वर्षानुवर्षं उघडा राहिला की खालच्या खाचेत गाळ आणि क्षार साठतात, पाचर पुरती बसत नाही आणि बारीक धार चालू राहते. अशा वेळी माणूस जोर लावतो. जोर लावायचा नाही. प्लंबरदादांनी दाखवलं ते असं: जाईल तिथवर बंद करायचा, थोडा उघडायचा, फटीतून जोरानं जाणारं पाणी गाळ घेऊन जातं, पुन्हा बंद करायचा. तीन-चार वेळा केलं की पाचर आणखी खाली बसते. माझा चौथा व्हॉल्व्ह यानंच पूर्ण बंद झाला. सातव्याला मात्र नाही जमलं. त्याचं चाक फिरायचं पण आतली पाचर तुटून जागेवरच राहिली होती. तो बदलावाच लागला.

पूर्ण उघडल्यावर चाक पाव फेरा उलटं आणून ठेवायचं, म्हणजे तो उघड्या अवस्थेत जाम होत नाही. खूप दिवसांनी फिरवलेल्या व्हॉल्व्हच्या दांड्याजवळून थेंब गळायला लागतात, त्यानं घाबरून जायचं कारण नाही. चाकाखालचा नट पान्यानं किंचित आवळला की थांबतात. आणि पाना लावताना दुसऱ्या पान्यानं व्हॉल्व्हचं अंग धरून ठेवायचं, नाहीतर पिळा पाइपावर जातो आणि भिंतीतला जोड हलतो.

कुठल्या बाजूला फिरवायचं यात माझा फार घोळ व्हायचा. घड्याळाच्या काट्यांच्या दिशेनं बंद, उलट दिशेनं चालू, हे ठाऊक होतं. पण बेसिनखाली पाठीवर पडून, मान वाकडी करून, कॉकच्या मागच्या बाजूनं हात घातला की दिशा उलटी होते. आता मी आधी मुठीच्या समोर घड्याळ आहे असं धरते. आपण कुठंही असलो तरी मुठीकडे समोरून बघितल्यावर जी दिशा दिसते तीच खरी.

ज्या व्हॉल्व्हना लांब दांडी असते त्या बॉल व्हॉल्व्हना हा प्रश्नच नाही. आत भोक पाडलेला गोळा असतो, दांडी पाव फेरा फिरवली की काम झालं. दांडी पाइपाला समांतर असेल तर उघडा, आडवी असेल तर बंद, लांबूनही दिसतं. मी चौथ्या आणि सातव्या जागी हेच बसवून घेतले, आणि आठांचे आठही असेच करून घ्यावेत असा शेजाऱ्यांकडे आग्रह धरला. तीन घरांनी करून घेतले.

खुणा करायचं काम मात्र सगळ्यांनी मिळून केलं. रंगानं लिहिलेलं ऊन-पावसात टिकत नाही, कागद तर नाहीच. पत्र्याचे छोटे तुकडे कापले, खिळ्यानं ठोकून ठोकून ठिपक्यांची अक्षरं उमटवली आणि तारेनं व्हॉल्व्हच्या मानेला बांधली. 'पहिला मजला, डावं घर, पूर्ण.' अक्षरं वाकडीतिकडी आहेत, पण अंधारात बोट फिरवूनही वाचता येतात.

पाणी पुन्हा सुरू करायचीही एक रीत आहे, ती मी दुसऱ्या रविवारी चुकून शिकले. व्हॉल्व्ह एकदम उघडला आणि भिंतीतून धाडकन आवाज आला. रिकाम्या पाइपात पाणी वेगानं शिरलं की हवा कोंडते आणि जोडांना हिसका बसतो. आता आधी बाथरूमचा खालचा नळ उघडा ठेवते, त्याच्या तोंडाची जाळी काढते आणि व्हॉल्व्ह अगदी हळू सोडते. नळ खोकल्यासारखा फुरफुरतो, तांबूस पाणी येतं, मग सरळ धार लागते. जाळी तशीच ठेवली तर सगळा गंज तिच्यात अडकतो. गरम पाण्याच्या नळाला सलग धार आल्याशिवाय गीझरचं बटण दाबायचं नाही. टाकी रिकामी असताना कॉइल तापली की जळते.

बाथरूममधला भिंतीतला तो कॉक, जो त्या रात्री अर्ध्या फेऱ्यावर अडकला, तो अजून तसाच आहे. तो बदलायला टाइल फोडावी लागेल. प्लंबरदादा म्हणाले, जबरदस्ती केली तर भिंतीच्या आतच मोडेल. म्हणून त्याच्यावर एक पट्टी लावलीय: 'हा फिरवू नये, गच्चीवर जा.' गच्चीची एक जादा किल्ली आता आमच्या दाराच्या आत खिळ्याला टांगलेली असते, तिच्याशेजारी टॉर्च.

परवा आईला घेऊन गच्चीवर गेले. तिच्या मनगटांत जोर राहिलेला नाही, जुनं चाक तिला एक फेराही फिरवता आलं नसतं. तिनं आधी पत्र्यावरची अक्षरं बोटानं वाचली, मग दांडी दोन बोटांनी आडवी केली. "झालं?" म्हणाली. मी घरात जाऊन बेसिनचा नळ उघडला आणि फोन कानाला लावला. ती वरून मोठ्यानं आकडे मोजत होती. सव्विसाव्या आकड्याला धार बारीक झाली. एकेचाळीसाव्याला तुटली, मग तीन थेंब पडले. ती मोजत होती तशीच, साठपर्यंत.